नदीला एक वळण

नानांच्या दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं लागोपाठ झाली आणि डॉक्टरांनी टीव्ही आणि पेपर दोन्ही बंद केले. नाना म्हणजे माझे वडील. आम्ही भावंडं त्यांना नाना म्हणायचो, आणि माझी मुलगी गुजरातीत आईच्या वडिलांना म्हणतात म्हणून नानाच म्हणते, त्यामुळे घरात कुणाचीच अडचण होत नाही.

चाळीस वर्षं सुरतेत लूम चालवून नाना घरी बसले होते. लूमच्या खडखडाटानं त्यांचे कान आधीच गेले होते, आता डोळे बांधलेले. दोन दिवस ते गप्प बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर म्हणाले, "काहीतरी वाच."

मी मराठी माध्यमाच्या शाळेत शिकवते. शाळा सकाळची असते, दुपारी मी घरी असते. पेपर वाचायला घेतला तर म्हणाले, पेपर नको, तो लगेच संपतो. मग कपाटातली एक कादंबरी काढली. एका मोठ्या कुटुंबाची गोष्ट होती, भांडणं, लग्नं, वाटण्या, सगळं होतं. नानांना ऐकू यावं म्हणून मी वर्गात बोलते त्याहून मोठ्यानं वाचत होते. तीन दिवस नानांनी ऐकलं आणि चौथ्या दिवशी हात वर केला.

"बंद कर. ही मानसं कोठे बठेल शेतस तेच समजत नही."

"शहरात राहतात, नाना."

"कोनत्या शहरात?"

मी मागची पानं चाळली. खरंच, शहर कोणतं ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. घराच्या खिडकीतून काय दिसतं, पाणी कुठून येतं, काही नाही. मला ते आजवर जाणवलंही नव्हतं. मी लहानपणापासून पुस्तकं वाचत आले, पण खरं सांगायचं तर गावांची आणि डोंगरांची वर्णनं आली की दोन-दोन पानं सोडून पुढं जायची. पुढं काय झालं ते कळलं की पुरे. आणि शाळेत मात्र मुलांना 'तुमच्या गावाचं वर्णन करा' म्हणून दहा मार्कांचा निबंध घालायची.

नाना अहिराणीत म्हणाले त्याचा अर्थ असा, की आधी गाव सांगावं, मग माणूस कळतो. ते स्वतः सतराव्या वर्षी खानदेशातून इकडं आले. इथं कुणी नवीन माणूस भेटला की आजही नावाआधी गाव विचारतात. सुरतेच्या भेस्तान भागात आमच्या गल्लीत नंदुरबारचे आहेत, जळगावचे आहेत, नांदेडचे, अकोल्याचे आहेत. नानांना सगळ्यांची गावं पाठ आहेत, नावं मात्र अर्ध्यांचीच.

शाळेच्या जुन्या कपाटातून मी दुसरी कादंबरी आणली. पुस्तकाची पाठ उसवलेली होती. लिहिणारी बाई खानदेशातलीच आहे एवढं मागच्या पानावरून कळत होतं. पहिल्याच पानावर गाव होतं. एका बाजूला टेकडी, दुसऱ्या बाजूला नदी, आणि गाव उतारावर. उतार असा, की पाटलाच्या ओट्यावरून लिंबू पडलं तर गडगडत थेट खालच्या आळीतल्या गिरणीच्या दाराशी येऊन थांबायचं. गिरणी एक विधवा बाई चालवते. तिच्या दिराला ती गिरणी बंद पाडायची आहे. गोष्ट एवढीच. पण गावाचा उतार त्या बाईच्या बाजूनं होता. वरच्या आळीतलं सगळं, चेंडू, बातमी, पावसाचं पाणी, भांडण, शेवटी तिच्या दाराशी येऊन पोचायचं, आणि दिराला काही लपवता यायचं नाही.

नाना बांधलेल्या डोळ्यांनी ऐकत होते. लिंबाची जागा आली तेव्हा हसले. म्हणाले, "गाव कोनतं शे?"

"नाव दिलेलं नाही. सगळे नुसतं 'गाव' म्हणतात."

"मंग आपण शोधू."

या कादंबरीपासून वाचनाची वेळ ठरली, रोज दुपारी चार ते पाच. मोठ्यानं वाचत असल्यामुळं आवाज जिन्यातून वर जायचा. वरच्या मजल्यावर अकोल्याकडच्या काकू राहतात. साड्यांवर टिकल्या आणि खडे चिकटवायचं काम त्या घरी आणतात. पाचव्या-सहाव्या दिवशी पाहिलं तर काकू मांडीवर साडी आणि हातात गोंदाची ट्यूब घेऊन जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेल्या.

"थांबलात काऊन? वाचा नं," त्या म्हणाल्या. "मले वरून अर्धंच ऐकू येते."

तेव्हापासून त्याही आल्या. काकूंना गिरणीवाल्या बाईची काळजी. नानांना गावाची. मी एखादं वर्णन गाळायला गेले तर नाना लगेच म्हणायचे, "तू काहीतरी गाळं." डोळे बांधलेले, कान अधू, यांना कळतं कसं? एकदा विचारलं तर म्हणाले, पान लवकर उलटलं. लूमवर धागा तुटला की तो दिसायच्या आधी त्यांना कळायचा, तसंच हे असावं. मग मी गाळणं सोडून दिलं. काही दिवसांनी मलाही ते आवडायला लागलं. त्या गावात संध्याकाळ तासभर लवकर येते, कारण टेकडी मावळतीला आहे आणि सूर्य तिच्यामागं आधीच जातो. त्यामुळं त्या गावची माणसं लवकर जेवतात, लवकर भांडतात, लवकर निजतात. दुसऱ्या गावची सून आली की तिला पहिलं वर्षभर भूक लागलेली नसताना जेवावं लागतं. हे वाचून काकू इतक्या हसल्या की साडीवर खडा तिरपा बसला.

डोळ्यांवरची पट्टी निघाली, काळा चष्मा आला, आणि नानांनी नकाशा करायला घेतला. साडीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घेतला. माझ्या मुलीकडून टाचण्या आणि रंगीत पेनं घेतली. नदीसाठी निळं सूत लावलं, रस्त्यासाठी तांबडं. गिरणी, पाटलाचा ओटा, मारुती, विहीर, सगळं टाचणीनं ठरवलं. रोजचं वाचन झालं की एक-दोन टाचण्या सरकायच्या. मुलगी कॉलेजातून आली की विचारायची, "नाना, आज गाममा शूं थयूं?" आणि नाना तिला अहिराणीत सांगायचे. ती मराठी पुस्तक हातात धरणार नाही, पण त्या पुठ्ठ्यावरचं गाव तिला तोंडपाठ झालं. मारुतीच्या देवळामागच्या चिंचेची जागा चुकली आहे हे तिनंच काढून दाखवलं.

गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आम्ही शेवटून दुसऱ्या प्रकरणाला आलो. गिरणीवाली बाई पंचायतीत जिंकली आहे, पण ज्या माणसानं तिची बाजू घेतली तो गाव सोडून गेला आहे. ती एकटी नदीवर जाऊन बसते. मावळतीचा सूर्य हळूहळू नदीच्या पाण्यात उतरतो, पाणी तांबडं होतं, आणि ती पहिल्यांदा रडते.  काकूंनी पदर डोळ्यांना लावला.

"थांब," नाना म्हणाले. "परत वाच."

मी परत वाचलं.

"सूर्य टेकडीमांगे बुडस ना? मंग आते नदीम्हा कसा बुडना?"

मी पुठ्ठ्याकडं पाहिलं. टेकडी मावळतीला होती. नदी उगवतीला. पहिल्याच प्रकरणात सकाळचं ऊन नदीवरून येऊन गिरणीच्या दारात पडतं असं लिहिलेलं होतं, आणि त्यावरूनच नानांनी सूत लावलं होतं. सूर्य एका बाजूला आणि नदी दुसऱ्या बाजूला.

"काऊन जी," काकू वैतागून म्हणाल्या, "सूर्य बुडाला तं बुडाला. बाई रडून राह्यली, तिच्याकडं पाहा नं."

"बाई रडी राहिनी ते खरं शे," नाना म्हणाले. "पन ती कोनतीकडे तोंड करी बठेल शे?"

त्या दिवशी पुढं वाचन झालं नाही. नाना पुठ्ठा फिरवून फिरवून बघत बसले. मला वाटलं विसरतील. दुसऱ्या दिवशी शेवटचं प्रकरण ऐकून घेतलं, ते आवडलं असंही म्हणाले, आणि पुस्तक मिटल्यावर मला म्हणाले, "त्या बाईले पत्र लिख."

मी टाळाटाळ केली. एवढी मोठी लेखिका, पुस्तक जुनं, तिला असं कळवणं बरं दिसत नाही. नाना म्हणाले, कापडात एक दोष राहिला आणि तो कुणी सांगितलाच नाही, तर विणणाऱ्याला वाटतं माल चांगला गेला. सांगायला पाहिजे. त्यांनी अहिराणीत सांगितलं, मी मराठीत लिहिलं. आपली कादंबरी आम्ही चौघांनी मिळून ऐकली. गाव फार आवडलं. आमच्या घरात त्याचा नकाशा आहे. फक्त शेवटून दुसऱ्या प्रकरणात सूर्य उलट्या बाजूला मावळला आहे, त्याचा खुलासा व्हावा. खाली नानांनी स्वतःची सही केली, चौथी शिकलेल्या माणसाची, एकेक अक्षर सुटं. मी माझा फोन नंबर लिहिला आणि प्रकाशकाच्या पत्त्यावर पाठवून दिलं.

दिवाळी झाली. मी ते विसरूनही गेले होते. एका दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. म्हाताऱ्या बाईचा आवाज, पण खणखणीत.

"सूर्याची तक्रार करणारे गृहस्थ तिथंच राहतात ना?"

मी उभीच राहिले. फोनचा आवाज मोठा केला, पण नानांना फोनवरचं काही ऐकू येत नाही. मग ती बोलायची, मी नानांच्या कानाशी ओरडून सांगायची, आणि नानांचं उत्तर फोनमध्ये. हा आवाज ऐकून काकू वरून धावत आल्या, त्यांना वाटलं भांडण झालं.

लेखिका म्हणाल्या, चूक खरी आहे. पुस्तक निघून इतकी वर्षं झाली, पण हे कुणी दाखवलं नव्हतं, त्यांना स्वतःलाही दिसलं नव्हतं. पत्र वाचून त्या दोन दिवस विचार करत बसल्या होत्या. मग उलगडा झाला. सकाळची नदी त्यांच्या माहेरची होती आणि संध्याकाळची सासरची. "लहानपणी उगवतीला नदी होती आणि लग्नानंतर मावळतीला. लिहिताना दोन्ही एकच वाटल्या मला," त्या म्हणाल्या. "टेकडी सासरची नव्हे बरं का, माहेरचीच."

मी हे नानांना ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे ते गाव कोठेच नही?"

"दोन गावं मिळून एक आहे, नाना."

नानांचा चेहरा उतरला. तीन महिने ते त्या गावात राहत होते. पण लगेच त्यांनी विचारलं, आता बाई काय करणार?

लेखिका म्हणाल्या, पुस्तक पुन्हा छापायचं चाललं आहे, दुरुस्तीला वाव आहे. पण ती संध्याकाळ मी काढणार नाही. त्या बाईला पाण्यात बुडणारा सूर्य मी दिला आहे, तो परत घेणार नाही. आणि सकाळचं ऊनही काढवत नाही, सगळी गिरणी त्याच उजेडात उभी आहे. "तुमच्या वडिलांना सांगा, त्यांनी चूक दाखवली, आता वाटही दाखवावी."

त्यांनी ते गमतीनं म्हटलं होतं. नानांनी ते काम म्हणून घेतलं. रोज सकाळी चहा घेऊन पुठ्ठ्यासमोर बसायचे. एकदा टेकडी हलवून पाहिली, तर गावात संध्याकाळ लवकर येईना, आणि मग सुनांची अवेळी जेवणं गेली. काकूंनी त्याला साफ नकार दिला. एकदा गिरणी हलवली, तर लिंबू पोचेना. एक वस्तू सरकवली की दुसऱ्या चार बिघडायच्या. माणसांचं असं होत नव्हतं हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. त्या दिराच्या जागी सावत्र भाऊ असता, पंच पाचाऐवजी सात असते, तरी गोष्ट चालली असती. पण तो उतार, ती टेकडी आणि ती नदी यांतलं एकही बदलून चालत नव्हतं. मी मराठी घेऊन बी.ए. केलं, पण कादंबरीबद्दल हे मला साडीच्या पुठ्ठ्यावरून कळलं.

जानेवारीत सुरतेजवळच्या कामरेजला नात्यातल्या एका मुलाचं बारसं होतं. उत्तरायण, म्हणजे इकडची संक्रांत, नुकतंच होऊन गेलं होतं, रस्त्याकडेच्या झाडांवर फाटके पतंग लटकत होते. नाना, मी आणि मुलगी बसनं गेलो. बारसं आटोपलं, जेवणं झाली, आणि घरमालकांनी, म्हणजे बाळाच्या आजोबांनी, नानांना विचारलं, "तापी बघायला येता का? चालत दहा मिनिटं."

ऊस आणि केळीच्या शेतांमधून वाट होती. आम्ही काठावर पोचलो तेव्हा ऊन कलतं झालं होतं. नाना पाणी बघत उभे राहिले. सूर्य खाली येत होता, आणि थेट पाण्यावर येत होता. नाना बाळाच्या आजोबांना म्हणाले, सकाळी इथं ऊन कुठून येतं?

आजोबांनी उलट्या दिशेला हात केला. "तिकडून. तिकडंही नदीच आहे. आमच्याकडं सूर्य पाण्यातून उगवतो आणि पाण्यातच जातो."

"दोन नद्या शेतस?"

"एकच. वळून येते."

नानांनी मुलीला हाक मारली. तिनं फोनवर नकाशा उघडला आणि नदी वरून दाखवली. "जुओ नाना, नदी तो केवी वांकीचूंकी छे." नानांनी नदी वरून कधी पाहिली नव्हती. फोन डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. पिशवीतून पडलेल्या सुतासारखी तापी पडली होती, एकेका गावाला तिन्ही बाजूंनी घेऊन. चाळीस-पन्नास वर्षं या नदीच्या गावात राहून त्यांना ती पुलावरून दिसते तेवढीच ठाऊक होती, सरळ.

मग ते एकदम म्हणाले, "आज महिना कोनता शे? पौष ना?"

मी हो म्हटलं.

"मंग ती बाई नदीवर कवय बठनी? पुस्तकम्हा?"

कधी बसली ते मला आठवेना. मुलीलाच आठवलं. ती शेकोटीजवळच्या पंचायतीबद्दल बोलली, थंडीचे दिवस होते म्हणाली. आणि मग मलाही आठवलं. त्या प्रकरणाची सुरुवातच 'पौषातले दिवस' अशी होती.

नाना खाली बसले आणि बोटानं मातीत टेकडी काढली. मला नीट समजावून सांगितलं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडं सरकून मावळतो. उन्हाळ्यात तो टेकडीच्या मधोमध मागं जाईल, पण पौषात टेकडीच्या टोकाबाहेरून उतरेल. नदी उगवतीकडून आली आणि गावाच्या खालून दक्षिणेला वळून मावळतीकडं निघाली, तर त्या एका महिन्यात सूर्य पाण्यातच बुडेल. सकाळचं ऊनही राहिलं, टेकडीही राहिली, संध्याकाळही राहिली.

"नदीले एक वळण पाहिजे," ते म्हणाले. "बस, एवढंच."

घरी आल्यावर त्यांनी कपडेही बदलले नाहीत. टाचण्या काढून निळं सूत सैल केलं आणि गावाच्या खालून फिरवलं.

हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. लेखिका नंदुरबारला राहत होत्या. मी फोन करून विचारलं तर म्हणाल्या, या की, जेवायलाच या. फेब्रुवारीतल्या एका रविवारी नाना, मुलगी आणि मी उधन्याहून सकाळच्या गाडीत बसलो. पुठ्ठा जुन्या साडीत गुंडाळून नानांनी मांडीवर आडवा धरला होता. समोरच्या बाईनं विचारलं, फोटो आहे का कुणाचा? नाना म्हणाले, गाव शे. 

लेखिकांचं घर साधं, बैठं. पंच्याहत्तरीच्या पुढच्या, हातात काठी, पायात लोकरीचे मोजे. दारातच नानांनी नमस्कार केला आणि नावाआधी गाव सांगितलं. त्यांनी नानांचं गाव ऐकलं, आणि लगेच अहिराणीत सुरू झाल्या. पुढचे दोन तास मी जवळजवळ परकी होते. पुठ्ठा जेवणाच्या टेबलावर ठेवला. त्या वाकून कितीतरी वेळ बघत राहिल्या. बोटानं तांबड्या रस्त्यावरून वर गेल्या, पाटलाच्या ओट्यावर थांबल्या, खाली आल्या.

"गिरणी इथं नाही," त्या म्हणाल्या. "थोडी वर."

"नही," नाना म्हणाले. "मंग लिंबू विहिरीम्हा पडी."

त्यांनी पुस्तक मागवलं, पान शोधलं, वाचलं आणि मान हलवली. नानांचं बरोबर होतं. पण चावडीच्या बाबतीत नाना चुकले होते. ती त्यांनी मारुतीच्या डावीकडं धरली होती, आणि पुस्तकात उजवीकडं होती. मी वाचताना उलटं वाचलं असणार, असं म्हणून नानांनी ते माझ्यावर ढकललं.

मग नानांनी वळण दाखवलं. पौष सांगितला. बाई ऐकत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते."

"अर्धं चुकना तुमनं," नाना म्हणाले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बाई मोठ्यानं हसल्या.

त्यांनी बोट निळ्या सुताच्या वळणावर ठेवलं. "इथं काय आहे?"

"ते तुमी सांगा. मी फक्त नदी वळाई."

त्यांनी बोट सुतावरून थोडं पुढं सरकवलं. मग म्हणाल्या, माहेरच्या नदीला असंच एक वळण होतं, आणि पाणी ओसरलं की तिथल्या वाळूत टरबुजाच्या वाड्या लागायच्या. आम्ही पोरी राखणीला जायचो आणि आम्हीच चोरून खायचो. हे मी पुस्तकात घातलंच नव्हतं, जागाच नव्हती त्याला. त्यांचे डोळे भरून आले होते असं मला वाटलं, पण त्या लगेच उठल्या आणि आम्हाला भरीत वाढायला लागल्या. निघताना त्यांनी पुठ्ठा ठेवून घेऊ का म्हणून विचारलं. नाना देतील असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी दिला, फक्त साडी परत घेतली.

पुस्तक निघायला वर्षाहून जास्त गेलं. एक दिवस टपालानं आलं, नवं कव्हर, नवा कागद. मी, नाना, मुलगी आणि काकू, सगळे बसलो, आणि मी शेवटून दुसरं प्रकरण काढलं. चार ओळी वाढल्या होत्या. नदी गावाच्या पायाशी येऊन मागं वळून बघावं तशी वळते, त्या वळणावर टरबुजाच्या वाड्या आहेत, आणि वर्षातून एकच महिना सूर्य टेकडीला चुकवून तिथं उतरतो. आणि मग आधीचीच वाक्यं, तीच बाई, तेच तांबडं पाणी. मी जेवढं मोठ्यानं वाचता येईल तेवढं वाचलं.

नाना म्हणाले, "आते बराबर शे."

"आधीबी बरोबरच व्हतं," काकू म्हणाल्या. पण त्यांनी मला त्या चार ओळी पुन्हा वाचायला लावल्या.

आता आमच्याकडं कोकणातली एक कादंबरी चालू आहे. खाडीकाठचं गाव आहे, होड्या आहेत, आणि नानांची पंचाईत झाली आहे. भरती-ओहोटी म्हणजे काय ते त्यांना पुस्तकातून पटेना. पाणी दिवसातून दोनदा पुढं येतं आणि दोनदा मागं जातं, तर गावाची हद्द कुठं धरायची? ते म्हणाले, बघायला पाहिजे. म्हणून परवाच्या रविवारी आम्ही सुरतेजवळच्या समुद्रावर, डुमसला गेलो. काकूंनाही बरोबर घेतलं. त्या नको म्हणत होत्या, साड्या द्यायच्या आहेत म्हणाल्या, पण आल्या.

ओहोटी लागलेली होती. काळी ओली वाळू, आणि पाणी इतकं लांब गेलेलं की नुसती रेघ दिसत होती. नानांनी वाळूत एक काठी रोवली आणि आम्ही टोमॅटोची भजी खात शेजारी बसलो. तासाभरात पाणी यायला लागलं. आधी कुणाला कळलंच नाही, मग काठीभोवती फेस आला, मग काठी पाण्यात उभी राहिली. नाना चपला हातात घेऊन एकेक पाऊल मागं सरकत होते आणि प्रत्येक वेळी मुलीला किती वाजले ते विचारत होते.

काकू मात्र मागं सरकल्या नाहीत. साडी घोट्याच्या वर धरून पाण्यात उभ्या राहिल्या.

"अकरा वर्षं झाली सुरतेत येऊन," त्या मला म्हणाल्या. "अन् समुद्र आज पाह्यला."

मग त्यांनी नानांना हाक मारून विचारलं, हे पाणी आता परत किती वाजता जाईल. नाना म्हणाले, थांबून बघू.